इंग्लंडमध्ये घर घेताना आणि घेतल्यावर: ऑफरपासून कुंपणापर्यंतचे कायदेशीर प्रश्न

स्लाव, रेडिंग, मिल्टन कीन्स, हॅरो. गेल्या काही वर्षांत या गावांत मराठी कुटुंबांनी बरीच घरं घेतली. घर घेताना प्रत्येक घरात तेच ते प्रश्न निघतात, आणि उत्तरं बहुतेकदा मित्राच्या अनुभवावरून दिली जातात. मित्राचा अनुभव खरा असतो, पण त्याच्या नावावर पुण्यात फ्लॅट नसतो आणि तुमच्या नावावर असतो. एवढ्या एका फरकाने पंचवीस हजार पौंडांचा खड्डा पडू शकतो. म्हणून हे सगळं क्रमाने आणि जरा तपशिलात लिहितो आहे. हे फक्त इंग्लंडपुरतं आहे. स्कॉटलंडची पद्धत मुळातच वेगळी आहे आणि वेल्समध्ये कर वेगळा आहे.

सगळ्यात पहिली गोष्ट: इथे कायदा खरेदीदाराला फारसा सांभाळून घेत नाही. घरात काय दोष आहे ते शोधून काढणं ही घेणाऱ्याची जबाबदारी मानली जाते. विकणारा विचारलेल्या प्रश्नाचं खोटं उत्तर देऊ शकत नाही, पण न विचारलेलं सगळं आपणहून सांगायला तो बांधील नाही. त्यामुळे प्रश्न विचारायची वेळ ‘एक्स्चेंज’च्या, म्हणजे सही केलेले करार देऊन-घेऊन व्यवहार पक्का होतो त्या दिवसाच्या, आधीची. त्यानंतर उत्तर काहीही निघालं तरी घर तुमचं.

ऑफर मान्य झाली, म्हणजे घर पक्कं झालं का?

नाही. जमीन किंवा घराचा करार लेखी हवा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या हव्यात, असं १९८९ चा कायदा सांगतो. एजंटने फोनवर ‘अभिनंदन’ म्हटलं, ईमेल आला, दारात ‘सोल्ड’ची पाटी लागली, तरी विकणारा जास्त पैसे देणाऱ्याकडे वळू शकतो. तुम्हीही माघार घेऊ शकता. आपल्याकडे विसार देऊन साठेखत होतं, तो टप्पा इथे कितीतरी आठवड्यांनी, एक्स्चेंजच्या दिवशी येतो.

म्हणून ऑफर मान्य होताच एजंटला लेखी सांगा की घराची जाहिरात काढून टाका आणि नव्या लोकांना घर दाखवणं थांबवा. भाड्याच्या घराची नोटीस मात्र एक्स्चेंज होईपर्यंत देऊ नका. मुलांच्या शाळेच्या तारखा डोक्यात ठेवून लोक ही घाई करतात आणि मग दोन्हीकडून अडकतात.

वकील कसा निवडायचा आणि त्याला काय सांगायचं?

हे काम सॉलिसिटर करतो किंवा लायसन्स्ड कन्व्हेयन्सर, म्हणजे घर-जमिनीच्या व्यवहारांचा परवानाधारक जाणकार, करतो. दोघेही चालतात. सॉलिसिटरवर सॉलिसिटर्स रेग्युलेशन अथॉरिटीचं नियंत्रण असतं, कन्व्हेयन्सरवर कौन्सिल फॉर लायसन्स्ड कन्व्हेयन्सर्सचं. दोन्हींच्या संकेतस्थळांवर नाव तपासता येतं. एजंट स्वतःच एखादा वकील सुचवतो, त्यात त्याला कमिशन मिळत असू शकतं आणि ते त्याने तुम्हाला सांगायला हवं. घ्यायचाच तर तो घ्या, सक्ती नाही. वकील तुमच्या कर्ज देणाऱ्या बँकेच्या यादीत आहे ना, एवढं आधी विचारा, नाहीतर बँकेच्या वेगळ्या वकिलाचा खर्च अंगावर येतो.

एक गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही: वकील घर बघायला जात नाही. तो फक्त कागद बघतो. लँड रजिस्ट्रीच्या, म्हणजे सरकारी जमीन-नोंदणी कार्यालयाच्या, नकाशात घराची हद्द लाल रेघेने दाखवलेली असते. तो नकाशा हातात घेऊन स्वतः घरी जा आणि जागेवर ताडून बघा. मागची शेड लाल रेघेच्या आत आहे का? ज्या जागेवर गाडी लावायची असं एजंट म्हणाला, ती जागा रेघेत आहे की नुसताच रस्त्याच्या कडेचा तुकडा आहे? गॅरेज घरापासून लांब, रांगेत असेल तर त्याच्याभोवती वेगळी लाल रेघ आहे का? स्वयंपाकघर मागे वाढवलेलं दिसतंय का, माळ्यावर खोली काढली आहे का? हे सगळं वकिलाला ईमेलने कळवा. त्याला कळलं तरच तो परवानग्या मागेल. घराचं रजिस्टर, म्हणजे मालकीची नोंद, कोणालाही ७ पौंड भरून सरकारी संकेतस्थळावरून काढता येतं, ऑफर देण्याआधीसुद्धा. खासगी संकेतस्थळं याच कागदाचे जास्त पैसे घेतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

भारतातून पैसे आणायचे आहेत, काय काय दाखवावं लागतं?

व्हिसावर असलात तरी इंग्लंडमध्ये घर घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. कर्ज देताना बँक व्हिसा बघते, तो वेगळा विषय. पण पैशाचा माग मात्र सगळ्यांनाच दाखवावा लागतो. काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यामुळे वकिलाला ही चौकशी करावीच लागते. तो नुसतं ‘पैसे कोणत्या खात्यातून आले’ एवढ्यावर थांबत नाही, ‘त्या खात्यात ते आले कुठून’ इथपर्यंत जातो.

समजा, आई-वडिलांनी नाशिकची जागा विकून तुम्हाला पैसे दिले. मग लागतील: त्या जागेचं खरेदीखत, विक्रीची रक्कम वडिलांच्या खात्यात जमा झाल्याची नोंद, तिथून इकडे पाठवल्याची नोंद, दोघांचे पासपोर्ट आणि पत्त्याचा पुरावा, आणि त्यांच्या सहीचं पत्र. त्या पत्रात स्पष्ट असावं लागतं की ही भेट आहे, कर्ज नाही, आणि इंग्लंडमधल्या घरात आमचा कोणताही हिस्सा राहणार नाही. खरेदीखत मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घ्यावं लागतं. हे काम ऑफर देण्याच्या आधीच हातात घ्या, कारण नोटरी, स्कॅन, ‘पान तीनवर शिक्का दिसत नाही’ यातच आठवडे जातात. ज्या रकमेला कागद नाही, म्हणजे व्यवहारातला रोखीचा भाग, ती इथे आणता येत नाही. त्यावर आडवाट शोधू नका. वकिलाला संशय आला तर कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे, आणि तसं कळवल्याचं तो तुम्हाला सांगूही शकत नाही.

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. मर्यादा दर माणशी आहे, त्यामुळे आई आणि वडील दोघांची वेगळी धरली जाते. वर्ष ३१ मार्चला संपतं, तेव्हा मोठी रक्कम मार्च आणि एप्रिलमध्ये विभागून पाठवता येते. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्याचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) दर आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत नेता येतात, कर भरल्याच्या कागदांसह. सीएला वेळेत गाठा.

पुण्यातल्या फ्लॅटमुळे इथली स्टॅम्प ड्यूटी वाढते का?

हो, आणि इथेच आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज असतो. १ एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमधले साधे दर असे आहेत: पहिल्या १,२५,००० पौंडांवर काही नाही, तिथून २,५०,००० पर्यंतच्या भागावर २ टक्के, तिथून ९,२५,००० पर्यंत ५ टक्के, पुढे १५ लाखांपर्यंत १० आणि त्यावर १२ टक्के. पहिलं घर घेणाऱ्याला ३,००,००० पर्यंत माफी आणि तिथून ५,००,००० पर्यंतच्या भागावर ५ टक्के. किंमत पाच लाखांच्या वर गेली की ही सवलत पूर्ण जाते.

‘पहिलं घर’ म्हणजे इंग्लंडमधलं पहिलं नव्हे, जगातलं पहिलं. वडिलांनी तुम्ही कॉलेजात असताना फ्लॅटवर तुमचं नाव घातलं, आजोबांच्या घरात वारसाने चार आण्यांचा हिस्सा आला, फ्लॅट घेतला होता पण विकूनही टाकला, या सगळ्यांत तुम्ही ‘पहिल्यांदा घेणारे’ उरत नाही. दोघं मिळून घेत असाल तर दोघंही पहिल्यांदा घेणारे असायला हवेत.

दुसरा भाग याहून जड आहे. खरेदीच्या दिवसअखेर तुमच्या नावावर आणखी एखादं घर असेल, जगात कुठेही, आणि त्यातल्या तुमच्या हिश्शाची किंमत ४०,००० पौंड किंवा जास्त असेल, तर पूर्ण किमतीवर ५ टक्के जादा लागतात. ३१ ऑक्टोबर २०२४ पासूनचा हा दर आहे. एकत्र राहणारे नवरा-बायको इथे एकच धरले जातात. नवऱ्याच्या नावावर कोथरूडला फ्लॅट आहे आणि इथलं घर फक्त बायकोच्या नावावर घेतलं, तरी जादा कर लागतो.

४,००,००० पौंडांचं घर घ्या. खरोखर पहिल्यांदा घेणाऱ्याला ५,००० पौंड. पूर्वी घर असलेल्याला, पण आता नसलेल्याला, १०,०००. भारतात फ्लॅट असलेल्याला ३०,०००. घर तेच, रस्ता तोच.

मग करायचं काय? शेतजमिनीचा सातबारा म्हणजे घर नव्हे, त्यामुळे नुसत्या शेतीने हा कर लागत नाही. शेतात राहतं घर असेल तर मात्र विचार करावा लागतो. वारसाने आलेला हिस्सा ५० टक्के किंवा कमी असेल तर वारसा मिळाल्यापासून तीन वर्षं जादा करासाठी तो धरत नाहीत. ‘माझं नाव नुसतं सोयीसाठी आहे, पैसे सगळे वडिलांचे’ हे म्हणणं मांडता येतं, पण ते कागदांवर टिकवावं लागतं, आणि त्यासाठी या कराच्या जाणकाराचं लेखी मत घ्या, कन्व्हेयन्सरच्या ओझरत्या उत्तरावर जाऊ नका. बरेच कन्व्हेयन्सर कराचा सल्ला देतच नाहीत, फक्त तुम्ही सांगाल ते विवरणपत्रात भरतात. शेवटी जबाबदारी तुमची असते. ‘भारतातलं इथे कोण बघतंय’ असं कोणी सांगितलं तर ऐकू नका: खोटं विवरण म्हणजे कर, व्याज आणि दंड, आणि वर व्हिसा किंवा नागरिकत्वाच्या अर्जात प्रामाणिकपणाचा प्रश्न.

नुकतेच आलेल्यांसाठी आणखी एक: खरेदीच्या आधीच्या १२ महिन्यांत तुम्ही ब्रिटनमध्ये १८३ दिवसांपेक्षा कमी राहिला असाल तर २ टक्के वेगळे लागतात. पुढे दिवस भरले की ते परत मागता येतात. विवरणपत्र आणि कर खरेदी पूर्ण झाल्यापासून १४ दिवसांत भरायचा असतो.

फ्लॅट घ्यायचा तर लीजहोल्डमध्ये काय बघायचं?

इंग्लंडमध्ये फ्लॅट जवळजवळ नेहमी लीजहोल्ड असतो. म्हणजे ठरावीक वर्षांचा हक्क तुमचा, इमारत आणि जमीन दुसऱ्याची. आपल्या सोसायटीसारखं सभासद म्हणून तुमचं मत चालेल असं धरून चालू नका. खर्च मालक किंवा त्याची कंपनी ठरवते, बिल तुम्हाला येतं.

पहिला आकडा बघायचा तो उरलेल्या वर्षांचा. ८० च्या खाली गेलेली लीज वाढवणं एकदम महाग होतं, कारण वाढलेल्या किमतीतला निम्मा वाटा मालकाला द्यावा लागतो. म्हणून ८५-९० वर्षं उरलेला फ्लॅट ‘स्वस्त’ दिसला तर लीज वाढवायचा खर्च किमतीत धरा, नाहीतर विकणाऱ्यालाच आधी वाढवून द्यायला सांगा. पूर्वी मालकी घेतल्यावर दोन वर्षं थांबल्याशिवाय हा हक्क मिळत नसे, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. २०२४ च्या सुधारणा कायद्यात ९९० वर्षांची वाढ आणि तो निम्मा वाटा रद्द करण्याची तरतूद आहे, पण हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. तुमच्या खरेदीच्या दिवशी काय लागू आहे ते वकिलाकडून लेखी घ्या.

दुसरं, जमिनीचं भाडं. ३० जून २०२२ नंतरच्या बहुतेक नव्या लीजमध्ये ते शून्यासारखं आहे. जुन्या लीजमध्ये मात्र दर दहा वर्षांनी दुप्पट होणारं कलम निघतं. असं कलम असलेल्या फ्लॅटवर बँका कर्ज द्यायला कुरकुर करतात, म्हणजे उद्या तुमच्याकडून घेणाराही अडेल.

तिसरं, देखभाल खर्च. मागच्या तीन वर्षांचे हिशेब मागा आणि ‘कलम २०’ची नोटीस आली आहे का ते विचारा. एखाद्या मोठ्या कामाचा भार एका फ्लॅटवर २५० पौंडांहून जास्त पडणार असेल तर मालकाने आधी सगळ्यांशी सल्लामसलत करावी लागते. नोटीस निघाली असेल आणि बिल यायचं असेल, तर ते कोण भरणार हे करारात लिहून घ्या. घेतल्यावर बिल अवाजवी वाटलं तर फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे, म्हणजे अशा वादांच्या न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत मालकाने मागणी केली नाही किंवा लेखी कळवलंही नाही, तर तो वसूल करता येत नाही. हे कलम जुन्या बिलांच्या बाबतीत फार कामाला येतं.

इमारत ११ मीटर किंवा पाच मजल्यांची अथवा त्याहून उंच असेल, तर लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या इमारतीच्या २०१७ च्या आगीनंतर आलेले नियम लागतात. बाहेरच्या आवरणाची तपासणी झाली आहे का, आणि २०२२ च्या बिल्डिंग सेफ्टी कायद्याखालची मालकाची व फ्लॅटधारकाची प्रमाणपत्रं आहेत का, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. दुरुस्तीचा खर्च तुमच्यावर येतो की नाही ते त्यावर ठरतं.

नव्या वसाहतीतलं घर फ्रीहोल्ड, म्हणजे जमिनीसकट कायमचं तुमचं, असलं तरी रस्ते, बाग आणि दिव्यांसाठी खासगी कंपनी दरवर्षी पैसे घेते, असं आता सर्रास दिसतं. कौन्सिल टॅक्स त्याहून वेगळा. या रकमेवर मर्यादा आहे का आणि थकली तर काय होतं, हे करारातून वाचून घ्या.

सर्व्हे आणि सर्चेस: बँकेने घर बघितलंय, मग वेगळा खर्च कशाला?

बँकेचा माणूस बँकेसाठी येतो, कधीकधी येतही नाही. तुमच्यासाठी सर्व्हे तुम्ही करायचा: साध्या, अलीकडच्या घराला लेव्हल २, व्हिक्टोरियन किंवा फार बदललेल्या घराला जास्त खोलात जाणारा लेव्हल ३. सर्चेस वकील मागवतो. त्यात कौन्सिलच्या नोंदी, पाणी-गटार, पूर आणि जमिनीचं प्रदूषण, आणि खाणीच्या भागात जुन्या खाणी येतात.

कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते विनापरवाना बांधकामावर. प्लॅनिंगची परवानगी (बांधायला चालेल का) आणि बिल्डिंग रेग्युलेशनचं पूर्तता प्रमाणपत्र (नियमाप्रमाणे बांधलं का) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक असली म्हणजे दुसरी लागत नाही असं नाही. माळ्यावरच्या खोलीला प्रमाणपत्र नसेल तर ती कायद्याने बेडरूम मानू नका, आणि किंमतही बेडरूमची देऊ नका. विकणारा अशा वेळी स्वस्तातली इन्डेम्निटी विमा पॉलिसी पुढे करतो. ती कौन्सिलच्या कारवाईचा खर्च देते, पण तुळई कच्ची असेल तर तुळई दुरुस्त करून देत नाही. तुम्ही स्वतः कौन्सिलला फोन करून चौकशी केलीत तर बहुधा ही पॉलिसी मिळतच नाही, म्हणून फोन करण्याआधी वकिलाला विचारा. २५ एप्रिल २०२४ ला किंवा त्यानंतर पूर्ण झालेल्या अशा बांधकामाविरुद्ध प्लॅनिंगची कारवाई दहा वर्षांपर्यंत होऊ शकते. त्याआधी पूर्ण झालेल्या बांधकामाला ही मुदत चार वर्षांची आहे, आणि अजून अनेक एजंट सरसकट चारच सांगतात.

घर कोणाच्या नावावर आणि कसं?

दोघांच्या नावावर घ्यायचे दोन प्रकार आहेत. जॉइंट टेनंट्स असाल तर एकाच्या पश्चात घर आपोआप दुसऱ्याचं होतं, मृत्युपत्रात काहीही लिहिलं असलं तरी. टेनंट्स इन कॉमन असाल तर प्रत्येकाचा हिस्सा वेगळा, आणि तो मृत्युपत्राप्रमाणे जातो. संसार एकत्र असलेल्या नवरा-बायकोला पहिला प्रकार सोपा पडतो. दोन भाऊ, मित्र, किंवा एकीच्या माहेरून मोठी रक्कम आली असेल, तर दुसरा प्रकार घ्या आणि कोणाचे किती हे ट्रस्टच्या घोषणापत्रात (डिक्लरेशन ऑफ ट्रस्ट, म्हणजे हिश्शांचा लेखी कागद) लिहा. सगळं गोडीत चाललेलं असताना हे बोलायला अवघड जातं, मला कळतं. पण नंतर हाच कागद नात्यातली कटुता टाळतो. दोन्ही प्रकारांत मृत्युपत्र कराच, मुलं लहान असतील तर त्यात त्यांचे पालक नेमा.

एक्स्चेंज ते किल्ली

एक्स्चेंजच्या दिवशी साधारण १० टक्के रक्कम जाते आणि करार पक्का होतो. माघार घेतली तर ती रक्कम बुडते. प्रचलित अटींप्रमाणे घराची जोखीमही त्याच दिवसापासून तुमची, म्हणून इमारतीचा विमा एक्स्चेंजपासून सुरू हवा, किल्ली मिळाल्यापासून नव्हे. ठरल्या दिवशी पैसे पोचले नाहीत तर विकणारा नोटीस देतो आणि मग दहा कामाचे दिवस हातात असतात.

वकिलाचा ‘आमचं बँक खातं बदललं’ असा ईमेल आला तर एक पैसाही पाठवू नका. चोर अशा मधल्या ईमेलवर टपलेले असतात. सुरुवातीला मिळालेल्या नंबरवर स्वतः फोन लावा आणि खातं क्रमांक तोंडी ताडून घ्या.

‘मूळ कागद कुठे मिळतील?’ हा प्रश्न भारतातून आई-बाबा हमखास विचारतात. मिळत नाहीत. लँड रजिस्ट्रीतली नोंद हाच मालकीचा पुरावा. नोंद व्हायला महिने लागू शकतात. झाली की प्रत मागा आणि नावांचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळवा.

घेतल्यावर: कुंपण, भिंत, झाड, भाडेकरू

‘डावीकडचं कुंपण आपलं’ असा कायदा नाही. जुन्या दस्तातल्या नकाशावर रेघेला चिकटलेली ‘टी’ खूण दिसली तर त्या बाजूची जबाबदारी कळते. बाकी लँड रजिस्ट्रीचा नकाशा हद्द ढोबळच दाखवतो, त्यावर टेप लावून शेजाऱ्याशी भांडू नका. हद्दीचा दावा कोर्टात गेला की वादातल्या पट्टीच्या किमतीपेक्षा वकिलांची बिलं कितीतरी मोठी होतात. शेजाऱ्याच्या झाडाच्या आपल्याकडे आलेल्या फांद्या हद्दीपर्यंत छाटता येतात, पण झाडाला संरक्षणाचा आदेश नाही ना ते आधी कौन्सिलकडे बघा.

घर मागे वाढवायचं असेल तर एक मजली बांधकाम जोडघराला ३ मीटर आणि सुट्या घराला ४ मीटरपर्यंत, इतर अटी पाळून, अर्जाशिवाय चालतं. फ्लॅटला ही मुभा नाही, आणि नव्या वसाहतींत ती काढून घेतलेली असू शकते. सामाईक भिंतीत तुळई घालायची असेल तर १९९६ च्या पार्टी वॉल कायद्याने शेजाऱ्याला दोन महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. तो १४ दिवस गप्प राहिला तर ती संमती ठरत नाही, वाद मानला जातो, आणि सर्व्हेयरचा खर्च सहसा तुमच्यावर येतो. म्हणून नोटीस टाकायच्या आधी चहाला बोलावून नकाशा दाखवा.

घर भाड्याने द्यायचं तर आधी कर्ज देणाऱ्या बँकेची परवानगी घ्या, आणि फ्लॅट असेल तर लीजमधलं कलम वाचा. खोल्या वेगवेगळ्या लोकांना देऊन एका घरात पाच किंवा जास्त माणसं झाली की कौन्सिलचा परवाना लागतो. १ मे २०२६ पासून कारण न देता भाडेकरूला काढण्याची ‘कलम २१’ची वाट बंद झाली, हे धरूनच निर्णय घ्या.

भारतात परत जाणार असाल आणि घर मागे ठेवणार असाल, तर रिकामी किंवा भाड्याची घरंच फसवणुकीत विकली जातात हे लक्षात ठेवा. लँड रजिस्ट्रीची प्रॉपर्टी अलर्ट सेवा मोफत आहे, नोंदीत हालचाल झाली की ईमेल येतो. रजिस्टरवर तीन पत्ते देता येतात, त्यांत भारतातला पत्ता आणि एक ईमेल घाला. शिवाय वकिलाने ओळख पटवल्याशिवाय विक्रीची नोंद होऊ नये असा निर्बंधही टाकून ठेवता येतो. स्वतः त्या घरात न राहणाऱ्या मालकाला त्यासाठी फी पडत नाही. आणि पुढे तिथे बसून घर विकलंत, तर नफा झाला असो वा नसो, विक्री पूर्ण झाल्यापासून ६० दिवसांत इथल्या कर खात्याला कळवावं लागतं.